हाजिर मजलिस ते पंचनामा

न्यायाच्या आसनावर केवळ सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यानेच बसावे, की ज्या समाजात तंटा उपजला त्याच समाजातील चार सामान्य माणसांना त्यांच्या नांगरावरून, दुकानावरून वा घरच्या कामावरून बोलावून आणून त्यांच्या मुखाने निवाडा वदवावा, हा प्रश्न फार प्राचीन असून त्याची उत्तरे निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या काळी निरनिराळी दिली आहेत. इंग्लंड-अमेरिकेत आजही साध्या गृहस्थाच्या घरी अकस्मात सरकारी पत्र येते आणि अमुक दिवशी ज्यूरीच्या कामासाठी हजर व्हावे, असा त्यास हुकूम होतो. मग कोणास असे बोलावणे आयुष्यात कितीदा येते, कोणास येतच नाही आणि आले तर ते टाळता येते काय, याची तेथे घरोघरी चर्चा होते. आमच्या धाराशिव जिल्ह्यातील माणसाला या चर्चेचे नवल वाटावे हे स्वाभाविक आहे, कारण ज्यूरीत बसण्याचे बोलावणे त्याच्या बापाला आले नाही, आजोबालाही आले नाही आणि त्याच्या मुलालाही येण्याचा संभव दिसत नाही. परंतु यावरून निवाड्याच्या कामाशी या भूमीतील रयतेचा कधी संबंधच नव्हता, असा जो समज रूढ झाला आहे, तो सर्वथा चुकीचा आहे. इंग्रजी ज्यूरर वर्षाकाठी एखाद्या वेळी बोलावला जात असेल. आमच्याकडील पाटील, शेट्या, सुतार, कुंभार आणि कुणबी हे कित्येक शतके याहून अधिक वेळा आणि याहून अधिक काळ न्यायाच्या कामी बसत आले होते. ही वहिवाट कशी होती, ती कशी मोडली आणि तिच्या जागी आज काय उरले आहे, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम इंग्रजी अमदानीतील ज्यूरीची रीत थोडक्यात ध्यानी घेतली पाहिजे, म्हणजे तुलनेस आधार मिळेल. सन १८९८ च्या क्रिमिनल प्रोसीजर कोडाप्रमाणे एकवीस ते साठ वर्षे वयाचा प्रत्येक पुरुष आपल्या जिल्ह्यातील खटल्यांत ज्यूरर अथवा असेसर म्हणून बसण्यास बांधलेला होता. त्यातून मोठे मुलकी अधिकारी, पगारी न्यायाधीश, पोलीस, धर्मोपदेशक, फौजेतील लोक, डॉक्टर, वकील आणि टपाल-तार खात्यातील नोकर इत्यादींना सूट असे. सेशन्स जज्ज आणि कलेक्टर मिळून पात्र इसमांची यादी करीत आणि खटल्याचा हंगाम आला म्हणजे भर कोर्टात चिठ्ठ्या काढून त्यांतील नावे निवडली जात. ज्याने मागील सहा महिन्यांत हे काम केले असेल त्याचे नाव, संख्या पुरी होण्यास अन्य उपाय नसेल तेवढे सोडून, पुन्हा काढावयाचे नाही, असा दंडक होता. बोलावणे येऊनही जो सबळ कारणाशिवाय गैरहजर राही त्यास शंभर रुपयांपर्यंत दंड होई. जेथे सरकारने ज्यूरी लागू केली नव्हती तेथे सेशन्स जज्जाच्या साहाय्याला असेसर बसत. ते केवळ आपले मत सांगत. ते मत मानण्याचे बंधन जज्जावर नसे. तुळजापुराहून अवघ्या काही कोसांवर असलेल्या सोलापुरात हा कायदा चालू होता आणि तुळजापुरात तो नव्हता, कारण मध्ये हैदराबादच्या निजामाच्या राज्याची सीमा होती. एकाच बोलीत बोलणारी, एकाच बाजारी जाणारी आणि एकाच भवानीच्या दर्शनास येणारी माणसे या सीमेच्या दोन बाजूंस न्यायाच्या दोन निरनिराळ्या व्यवस्थांखाली पिढ्यान्‌पिढ्या नांदली.

परंतु ही सीमा फार अलीकडची आहे. हिंदू व्यवहारशास्त्रावर ज्या ग्रंथाची सत्ता बंगाल वगळता जवळजवळ साऱ्या भारतवर्षावर चालली, तो विज्ञानेश्वराचा ‘मिताक्षरा’ ग्रंथ कल्याणीच्या चालुक्य नृपती सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस वा बाराव्याच्या प्रारंभी सिद्ध झाला. आणि ती कल्याणी उमरग्याहून पूर्वेकडे गेले असता फार दूर नाही. विज्ञानेश्वर ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर भाष्य करतो तिच्यात राजाने नेमलेल्या अधिकाऱ्यांखेरीज पूग, श्रेणी आणि कुल अशी निर्णयाची तीन स्थाने सांगितली आहेत. कुल म्हणजे नातलगांचा समूह, श्रेणी म्हणजे एका धंद्यावर जगणाऱ्यांचा समूह, आणि पूग म्हणजे भिन्न जातींचे व भिन्न वृत्तींचे परंतु एका ठिकाणी वस्ती करणारे लोक. कुलाचा निर्णय न पटल्यास श्रेणीकडे, तेथे न पटल्यास पूगाकडे आणि शेवटी राजाच्या अधिकाऱ्याकडे जाता येई. श्रेणीचे उदाहरण देताना विज्ञानेश्वराने घोड्यांचे व्यापारी, तांबोळी, कोष्टी आणि चर्मकार यांची नावे घेतली आहेत, ही गोष्ट मला अत्यंत महत्त्वाची वाटते; कारण राजधानीत बसून ग्रंथ लिहिणाऱ्या या प्रकांड पंडिताला विड्याची पाने विकणारा आणि जोडे शिवणारा हेही आपापल्या क्षेत्रात निवाडा करणारे पुरुष म्हणून मान्य होते. राजाच्या सभेतही विद्वान सभासदांच्या जोडीला कुलशीलवान, वयोवृद्ध आणि निर्मत्सर असे काही वणिक् असावेत, हे कात्यायनाचे वचन त्याने आधारास घेतले आहे. सभेत पाऊल टाकू नये, आणि टाकलेच तर सत्य बोलावे, गप्प बसणाराही पापाचा धनी होतो, हे मनूचे शासन तर सर्वविश्रुत आहे. सभासद होणे हा मान होता, पण त्याहून अधिक ते एक ओझे होते, हे त्यावरून उघड होते.

शास्त्रात जे लिहिले ते लोकव्यवहारात किती उतरले, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर शोधण्यास आमच्या जिल्ह्यातील तेरकडे पाहावे. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे ग्रीक दर्यावर्द्यांच्या ‘पेरिप्लस’ ग्रंथात उल्लेखिलेले तगर नगर, जेथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. आणि पुढे कोकण-कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी ‘तगरपुरवराधीश्वर’ असे बिरुद मिरवावे इतका त्याचा लौकिक टिकला. एवढा व्यापार राजाच्या एकट्या अधिकाऱ्याने चालवणे शक्यच नव्हते. माप, भाव, ऋण आणि भागी यांचे तंटे व्यापाऱ्यांच्या व कारागिरांच्या समूहांनीच मिटवले असले पाहिजेत. याच तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? संतमंडळी जमली असता कोणाचे मडके पक्के आणि कोणाचे कच्चे हे पारखण्याचे काम ज्ञानदेवादी थोरांनी एका कुंभाराकडे सोपवले, त्याने हाती थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर आघात केला आणि नामदेवांस कच्चे ठरवले. तो निर्णय कटू असूनही सभेने मानला आणि नामदेवांनीही पुढे विसोबा खेचरांकडे जाऊन तो खरा करून घेतला. ही कथा इतिहासाचा पुरावा म्हणून मी सांगत नाही. ज्याला ज्या वस्तूचे ज्ञान आहे त्याच्या मुखाने निर्णय व्हावा, मग तो वर्णाने वा वैभवाने कितीही लहान असो, ही कल्पना येथील लोकांना परकी नव्हती, एवढेच तीवरून दिसते.

यानंतरच्या काळाविषयी मात्र अनुमानाची गरज राहत नाही, कारण कागदच बोलू लागतात. बहमनी राज्य मोडून परंडा अहमदनगरच्या निजामशाहीच्या आणि नळदुर्ग विजापूरच्या आदिलशाहीच्या ताब्यात गेल्यावरही गावगाड्याची न्यायव्यवस्था बहुतांशी पूर्ववत राहिली. तिला काही फारसी नावे तेवढी मिळाली. गावाची सभा ती ‘गोत’, परगण्याच्या ठाण्यात काझी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, पाटील, कुळकर्णी आणि बलुतेदार यांच्यासह भरलेली सभा ती ‘हाजिर मजलिस’, आणि तिने केलेल्या निर्णयाचा लेख तो ‘महजर’. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात आणि त्यापूर्वी इतिहासाचार्य राजवाड्यांनी व भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलेल्या साधनांत असे महजर विपुल आढळतात. त्यांतील एखादा उलगडून पाहणे हे कोणत्याही सिद्धांतग्रंथापेक्षा अधिक बोधप्रद आहे.

महजर हा बहुधा एक लांबच लांब कागद असतो, तावास ताव चिकटवून केलेला, आणि जोडांवर शिक्के उठवलेले, की मधला तुकडा कोणी काढून बदलू नये. आरंभी शुहूर सन आणि तिथी, मग ठाण्याचे नाव, आणि मग सुरू होते हाजिर असलेल्या माणसांची यादी. ही यादी हाच त्या कागदाचा प्राण होय. काझी आणि हवालदार यांच्या नावांनंतर देशमुख-देशपांडे येतात, मग कसब्याचे शेटे व चौगुले, मग जवळच्या गावांचे मोकदम, एकेका गावाच्या नावापुढे दोन-दोन, तीन-तीन माणसे. आणि अखेर सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार. त्यानंतर अग्रवादीची तकरीर, पश्चिमवादीची तकरीर, दोघांनी दिलेले जामीन आणि ‘सभा सांगेल ते मान्य’ असा राजीनामा. मग साक्षीदार अर्थात गोही, मग निवाडा. कागदाच्या शेवटी अक्षर येणारे सही करीत आणि न येणारे आपल्या धंद्याचे चिन्ह काढीत: कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, लोहाराचा हातोडा, न्हाव्याचा आरसा. निरक्षर माणसाने बोरूने ओढलेला तो वेडावाकडा नांगर म्हणजे, मी या निर्णयाच्या वेळी बसलो होतो आणि त्याची जबाबदारी माझ्यावरही आहे, असा त्याचा कबुलीजबाब असे. हरणाऱ्याकडून आपण खोटे पडलो असे येजितखत लिहून घेत. जिंकणारा सरकारास हरकी देई, हरणारा गुन्हेगारी भरी.

आता असे बोलावणे कितीदा येई? चिठ्ठ्या काढण्याची रीत नव्हती आणि सहा महिन्यांची सूटही नव्हती. ज्याचे वतन त्याने मजलिशीस बसलेच पाहिजे, हा दंडक होता. आणि एकाच परगण्यातील वेगवेगळ्या महजरांत तीच ती नावे पुन्हा पुन्हा येतात, त्यावरून पाटील व शेटे यांना हे काम आयुष्यभर पुरत असे, हे निःसंशय. गावातील क्षुल्लक कलागतीसाठी तर चावडीवर बैठक वारंवार होई. बांध कोरला, पाणी तोडले, भावाभावांत वाटणी बिघडली, म्हणजे पांढरीतील जाणती माणसे जमत. शिवेचा तंटा असला म्हणजे शेजारच्या गावांची माणसे बोलावली जात, आणि त्या प्रसंगी शीव कोठून जाते हे सांगण्यात महाराचा शब्द प्रमाण मानीत, कारण पिढ्यान्‌पिढ्या ती शीव तोच राखत आला होता. मजलिस एका दिवसात उठे असेही नाही. साक्षीदार दूरचे असले, कागद दुसऱ्या गावी असले, एक पक्ष हजर होईना, तर आठवडेच्या आठवडे ती लांबे. पेरणीचा किंवा सुगीचा हंगाम आला तर पुढेही ढकलली जाई.

निष्पक्षपातासाठी स्थळ बदलून मागण्याचा हक्क वादीस असे, हे या व्यवस्थेचे एक अंग फार थोड्यांस ठाऊक आहे. मसूरच्या पाटीलकीसाठी नरसोजी जगदाळे आणि बापाजी मुसलमान यांच्यात मोठा वाद पडला. कऱ्हाडच्या सभेत आपल्याविरुद्ध निर्णय झाल्यावर, तेथील पाटील-मोकदम हे जगदाळ्यांचे सोयरे आहेत, त्यांच्याकडून मला न्याय मिळणार नाही, पैठणच्या सभेपुढे प्रकरण चालावे, अशी फिर्याद बापाजीने विजापुरास इब्राहिम आदिलशहापाशी नेली. पादशहाने ती मान्य केली. मुसलमान फिर्यादीने हिंदू क्षेत्रातील सभेवर भरवसा ठेवावा, मुसलमान पादशहाने तो उचित मानावा आणि तेथेही निर्णय विरुद्ध गेल्यावर प्रकरण संपावे, या एका घटनेत त्या काळचा न्याय कोणत्या विश्वासावर उभा होता ते दिसते. याच इब्राहिम आदिलशहाने इ. स. १६१३ मध्ये नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. तो पाहण्यास दरवर्षी हजारो लोक जातात. त्याच पादशहाने एका फिर्यादीला स्थळ बदलून देऊन जी न्यायबुद्धी दाखवली तिचे स्मारक कोठे नाही, म्हणून येथे तिचा उल्लेख मुद्दाम केला.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिचे दोष झाकावेत, असे मला वाटत नाही. मजलिशीत स्त्रियांना आसन नव्हते. विधवेच्या वतनाचा निर्णय पुरुषच करीत. यादीत महाराचे व चांभाराचे नाव शेवटी येई आणि बसण्याची जागाही तशीच असे; साक्षीला प्रमाण, पण पंक्तीला दूर, हा अन्याय त्या सभेने स्वतःच्या पोटात वागवला. पुरावा सरला म्हणजे दिव्याचा आधार घेत. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायला लावून हात भाजला की नाही यावरून खरे-खोटे ठरवणे, हे आज कोणासही मान्य होणार नाही. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीची तारीफ केली, तिला टिकवून धरण्याचा आग्रहही धरला, आणि त्याबरोबरच पंच गोळा होण्यास लागणारा विलंब आणि बिनपगारी माणसांवर पडणारा भार यांचीही नोंद केली. ती नोंद खरी होती. ज्याला रोज पोटासाठी राबावे लागते त्याला दुसऱ्याच्या तंट्यासाठी महिनाभर बसवणे हे ओझे इंग्लंडातील ज्यूररलाही जाणवते. मग दुष्काळी मुलखातील कुणब्याला ते का जाणवू नये?

तथापि जुन्या सभेचे एक अंग या जिल्ह्यात अद्याप जिवंत आहे, आणि ते देवाच्या निमित्ताने टिकले आहे. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. त्याची मूर्ती वर्षातील बहुतेक महिने अणदुरास असते आणि उरलेला थोडा काळ नळदुर्गास येते. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तेथे भरते. देव नेताना आणि परत आणताना दोन्ही गावांचे मानकरी समोरासमोर बसतात, देव कधी न्यायचा आणि कधी परत पोचवायचा याचा लेखी करार होतो, आणि मगच पालखी उठते. वस्तुतः दरवर्षी तंटा उपजण्यास यापेक्षा अधिक अनुकूल कारण कोणते असावे? दोन गावे, एक देव, आणि यात्रेचा मान. पण समक्ष बसून कागद करण्याच्या या वहिवाटीने तो तंटा मिटवून ठेवला आहे. भंडाऱ्याच्या त्या उधळणीत हा लहानसा कागद कोणाच्या लक्षात येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तो आधी पाहावा.

गोताची ही वहिवाट मोडण्यास धाराशिवात एका ठराविक दिवशी प्रारंभ झाला असे म्हणता येत नाही, पण १८५३ हे वर्ष मोठ्या स्थित्यंतराचे खचित होय. त्या वर्षीच्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही कंपनी सरकारच्या हवाली केला. त्या मुलखाचा कारभार आला कॅप्टन मेडोज टेलर याच्याकडे. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीने विलायतेत नावाजलेला हा गृहस्थ तरुणपणीही याच भागात नोकरीस होता, त्यामुळे येथील भाषा आणि माणसे त्याच्या चांगल्या परिचयाची होती. नळदुर्गच्या किल्ल्यात राहून त्याने चार वर्षे महसूल, फौजदारी आणि दिवाणी अशी सारी सूत्रे हाती धरली आणि १८५७ मध्ये तो बुलढाण्याकडे गेला. तो कनवाळू होता, रयतेस प्रिय होता, हे मान्य करूनही म्हणावे लागते की, त्याच्या काळापासून न्याय मागण्यासाठी चावडीकडे पाहण्याऐवजी साहेबाच्या कचेरीकडे पाहण्याची सवय लोकांना लागली. १८६० मध्ये मुलूख निजामाकडे परत गेला. पुढे निजामाचा दिवाण सर सालारजंग याने जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, करून ठिकठिकाणी अदालती स्थापिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी नळदुर्गचे ठाणे हलून जिल्ह्याचे मुख्य ठिकाण उस्मानाबाद, म्हणजेच धाराशिव, झाले. आणि १९२१ च्या सुमारास न्यायखाते व मुलकी खाते वेगळे करण्याचा जो निर्णय हैदराबादेत झाला तो ब्रिटिश हिंदुस्थानच्याही पुढे होता. हे सारे चांगलेच झाले. पण त्या अदालतीची भाषा उर्दू होती. कळंबच्या किंवा भूमच्या ज्या शेतकऱ्याचा खटला चाले त्याला आपल्या जमिनीविषयी काय ठरले हे वकिलाच्या तोंडून कळावे लागे. निवाडा करणाऱ्यांत बसणे तर दूरच राहिले. ज्या माणसाच्या आजोबाने महजरावर नांगर काढला होता तो आता अर्जावर अंगठा उठवू लागला.

सीमेपलीकडे ब्रिटिश मुलखात ज्यूरी होती हे खरे, पण तिनेही रयतेला निवाड्याचे आसन परत दिले असे मानता येत नाही. लोकमान्य टिळकांवरील १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपीय व तीन हिंदी होते, आणि निकालही सहा विरुद्ध तीन असाच लागला. १९०८ मध्ये सात युरोपीय आणि दोन पारशी होते, आणि निकाल सात विरुद्ध दोन. ज्या मराठी लेखांवरून हे खटले उभे राहिले ते लेख मुळातून वाचता येतील असे ज्यूरर त्यांत जवळजवळ नव्हतेच. ज्याच्या भाषेत अपराध घडला असे म्हणावयाचे त्या भाषेचे ज्ञान नसलेल्या माणसांना बोलावून त्यांच्या मुखाने ‘दोषी’ हा शब्द वदवणे, याला ज्यूरीचे नाव असले तरी गोतसभेच्या दृष्टीने ती सभाच नव्हे. स्थळ बदलून मागणाऱ्या बापाजीचे पादशहाने ऐकले; टिळकांचे मात्र कोणी ऐकले नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारताची फौजदारी संहिता त्या राज्यास लागू झाली. परंतु १९५५ च्या दुरुस्तीने असेसरांची पद्धत उठवण्यात आली आणि ती दुरुस्ती १ जानेवारी १९५६ पासून अमलात आली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरास उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात सामील झाला, तेव्हा ज्या वाटेने सामान्य माणूस सेशन्स कोर्टात जज्जाशेजारी बसू शकला असता ती वाट बंद होऊन दहा महिने झाले होते. मुंबईत ज्यूरी आणखी काही काळ चालली. १९५९ मध्ये नौदलातील कमांडर नानावटींच्या खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांस निर्दोष ठरवले, जज्जाने असहमत होऊन प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले आणि हायकोर्टाने मार्च १९६० मध्ये त्यांस दोषी धरून जन्मठेप दिली. या एका खटल्याने ज्यूरी बुडाली असे जे सर्वत्र सांगितले जाते ते अर्धसत्य आहे. विधी आयोगाने १९५८ च्या अहवालातच ती रद्द करण्याची शिफारस केली होती आणि अनेक प्रांतांनी तिला आधीच रजा दिली होती. १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि फौजदारी खटल्यांतून ज्यूरीचा शेष नाहीसा झाला. पारशी समाजाच्या विवाहविषयक न्यायालयांत मात्र त्या समाजातील प्रतिनिधी आजही न्यायाधीशासह बसतात. एवढाच काय तो अवशेष.

मग आज धाराशिवच्या माणसाला न्यायखात्याचे बोलावणे येतच नाही काय? येते, आणि पुष्कळदा येते. पण ते पंचनाम्यासाठी. झडतीच्या वेळी त्या भागातील दोन वा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना हजर ठेवावे, असे १८९८ च्या संहितेत होते, १९७३ च्या संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. संशयास्पद मृत्यू झाला तर प्रेताचा पंचनामाही अशाच रहिवाशांसमक्ष व्हावा लागतो. सबळ कारणावाचून पंच होण्यास नकार देणे हा गुन्हा आहे. येरमाळ्याच्या घाटात ट्रक उलटतो, परंड्याच्या विहिरीत प्रेत सापडते, लोहाऱ्याच्या दुकानाचे कुलूप फुटते. हवालदार समोरच्या चहाच्या टपरीवरून दोन माणसांना हाक मारतो, मोजमाप होते, वस्तू कागदात गुंडाळून लाखेची मोहोर होते, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या घेतल्या जातात. त्यानंतर दोन, चार, कधी त्याहून अधिक वर्षांनी समन्स येते. एक दिवसाची मजुरी बुडवून तो पंच जिल्ह्याच्या कोर्टात जातो. तेथे कळते की आज न्यायाधीश रजेवर आहेत, किंवा आरोपीचा वकील आला नाही, पुढली तारीख. अखेर पिंजऱ्यात उभे राहण्याची वेळ येते तेव्हा ती चिठ्ठी त्यास दाखवून ही सही तुमचीच काय, एवढे विचारले जाते, आणि उलटतपासणीत त्यालाच खोटे ठरवण्याचा प्रयत्न होतो. असा अनुभव घेतलेला मनुष्य दुसऱ्या खेपेस पोलिसांची गाडी पाहून आडरस्त्याने निघून गेला, तर त्यास भेकड कसे म्हणावे? पंच फितूर होतात या कारणास्तव गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांनाच पंच करण्याचा जो प्रघात पडला आहे, तो सोयीचा असला तरी त्याने ‘त्या भागातील रहिवासी’ या शब्दांतले सत्त्व निघून जाते. ज्यूरीविषयी आपण जे वाचतो त्यातील सारा त्रास या माणसाच्या वाट्याला आला आहे. निर्णयात भाग घेण्याचा मान तेवढा आलेला नाही.

गावाला न्यायाचे काही काम परत द्यावे, असे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात न्यायपंचायतींची तरतूद होती. पण त्या मूळ धरू शकल्या नाहीत आणि पुढे त्या उठवण्यात आल्या. २००७ च्या १५ ऑगस्टपासून महाराष्ट्र सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि ग्रामसभेतून समित्या निवडल्या जाऊ लागल्या. बांधाचे, वाटणीचे व किरकोळ मारहाणीचे कित्येक तंटे तीत समजुतीने मिटले. मोहिमेचा जोर ओसरला म्हणून तिचे मोल कमी ठरत नाही. चार माणसांनी एकत्र बसून ऐकून घेणे हेच तिचे मुख्य काम होते आणि ते या मातीला नवे नव्हते. मात्र एका जातीने आपल्याच माणसांना वाळीत टाकण्याचा जो अधिकार बळकावला त्याला गोतसभेचा वारसा म्हणून कोणी पुढे करू नये. विज्ञानेश्वराने सांगितलेला पूग हा भिन्न जातींच्या शेजाऱ्यांचा होता. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा ही त्या दृष्टीने परंपरेची मोडतोड नसून तिच्यातील विकृतीवरचा इलाज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आता सभा बसायची असेल तर तीत स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि पूर्वी ज्यांचे नाव यादीच्या शेवटी येई त्यांचे नाव शेवटीच यावे असा नियम असता कामा नये. त्यावाचून तिला निवाड्याचा अधिकार मागता येणार नाही.

या जिल्ह्यातील पुष्कळ जुन्या घरांत, विशेषतः देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी आणि शेटे यांच्या घरांत, बासनात बांधलेले मोडीचे कागद अद्याप आहेत. त्यांतील कित्येक महजर असतील. वाळवी, ओल आणि घराची पडझड यांनी दर पावसाळ्यात त्यांतले काही नष्ट होतात. ते विकू नयेत आणि जाळू नयेत. मोडी वाचणाऱ्या एखाद्या जाणकारास घरी बोलावून ते वाचवून घ्यावेत, त्यांची छायाचित्रे काढावीत आणि एक प्रत विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे किंवा तेरच्या संग्रहालयाकडे द्यावी. मूळ कागद हवा तर घरातच ठेवा. पण त्याच्या शेवटी काढलेले नांगर, तराजू आणि आरसे कोणकोणत्या गावच्या माणसांचे आहेत, तेवढे लिहून काढल्यावाचून तो पुन्हा बासनात बांधू नका.